हुर्यो उडवलेला नायक

व्यावसायिक कुस्तीत कोण जिंकणार हे लढतीआधीच ठरलेले असते. मल्ल दोन भूमिकांत विभागलेले असतात. एक नायक, त्याला या धंद्यात ‘बेबीफेस’ म्हणतात. दुसरा खलनायक, तो ‘हील’. कथा लिहिणारा वर्ग कंपनीच्या पगारावर असतो, मारामारी बेतलेली असते आणि पट्टा कोणाच्या कमरेला जायचा याचा निर्णय पडद्यामागे होतो. एकच गोष्ट कंपनीच्या हातात नसते. तिकीट काढून आत बसलेल्या माणसाने टाळ्या कोणाला द्यायच्या आणि हुर्यो कोणाची उडवायची, हे कागदावर लिहून देता येत नाही.

कोल्हापूरच्या खासबाग मैदानात प्रेक्षकांनी एखाद्या पैलवानाला कितीही नाकारले, तरी त्याने समोरच्याला चितपट केले की निकाल त्याच्या बाजूने लागतो. त्याची लोकप्रियता आणि त्याचा विजय यांचा संबंध नसतो. अमेरिकेतल्या ‘डब्ल्यूडब्ल्यूई’सारख्या कंपनीत दोन्ही एकाच धाग्यात ओवलेले असतात. तिथे प्रेक्षकांचा प्रतिसाद हाच खरा निकाल, आणि पट्टा म्हणजे त्यावर मारलेली मोहोर. त्यामुळे कंपनीने ज्याला नायक म्हणून उभे केले त्याचीच प्रेक्षक हुर्यो उडवू लागले, तर धंद्याचे गणितच चुकते. गेल्या तीन दशकांत हे अनेकदा घडले आणि दर वेळी कंपनीला तोच पेच सोडवावा लागला : या माणसाचे करायचे काय?

हुर्योचे दोन प्रकार

हुर्यो हा या धंद्यातला मालच आहे. खलनायकाने प्रेक्षकांना डिवचायचे, शहराच्या संघाची टिंगल करायची, पंचाची नजर चुकवून डाव साधायचा. लोक चिडतात, आणि त्याला मार पडताना पाहायला पुढच्या वेळी पुन्हा तिकीट काढतात. या रागाला धंद्यात ‘हीट’ म्हणतात. चांगला खलनायक म्हणजे भरपूर हीट मिळवणारा.

दुसरा राग वेगळा. तो कथेतल्या पात्रावर नसतो, कथा लिहिणाऱ्यांवर असतो. ‘हा नीच आहे, याला कोणीतरी झोडपा’ असे प्रेक्षकाला वाटत नाही. ‘हा समोरून जावा’ एवढेच वाटते. म्हणून या प्रकाराला ‘गो अवे हीट’ असे नाव पडले आहे. त्याची लक्षणे ठरलेली असतात. नायक मार खात असताना प्रेक्षक प्रतिस्पर्ध्याला टाळ्या देतात. सामना चालू असताना तिथे नसलेल्याच कुणाच्या नावाचा घोष सुरू होतो. त्याहून वाईट म्हणजे लोक रिंगकडे पाहतच नाहीत. एप्रिल 2018 मध्ये न्यू ऑर्लिन्सला ‘रेसलमेनिया’ या कंपनीच्या वार्षिक सोहळ्याच्या शेवटच्या, सर्वांत मोठ्या लढतीत रोमन रेन्स आणि ब्रॉक लेसनर एकमेकांना आपटत होते, आणि प्रेक्षक आपसांत हवेचे मोठे चेंडू उडवत बसले होते.

पहिल्या प्रकारच्या रागातून पैसा उभा राहतो, दुसऱ्यातून गळतो. पंचाईत अशी, की सभागृहाबाहेर मोजायला बसले तर दोन्हींचा आवाज सारखाच भरतो. ‘लोक ओरडताहेत म्हणजे ते गुंतलेले आहेत,’ अशी समजूत कंपनीला करून घेता येते, आणि नाकारलेल्या ताऱ्यांच्या बहुतेक कहाण्या या समजुतीतच लांबल्या आहेत.

निवड कोणाची?

रोमन रेन्स हे या पेचाचे सर्वांत दीर्घ आणि सर्वांत बोलके उदाहरण. जो अनोआई हे त्याचे खरे नाव. घराणे सामोअन मल्लांचे. वडील सिका हे ‘वाइल्ड सामोअन्स’ या गाजलेल्या जोडीतले. तो स्वतः जॉर्जिया टेकमध्ये अमेरिकन फुटबॉल खेळलेला. नोव्हेंबर 2012 मध्ये सेथ रॉलिन्स आणि डीन अँब्रोझ यांच्यासह ‘शील्ड’ या काळ्या वेशातल्या त्रिकुटातून तो पुढे आला. दोघे सहकारी बोलायचे, भरपूर कुस्ती करायचे. रेन्स मोजके बोलायचा आणि शेवटी येऊन प्रतिस्पर्ध्याला उडवायचा. लोकांना तो आवडत होता. ‘रॉयल रंबल’ ही तीस मल्लांची लढत; एकेक बाद होत शेवटी उरणाऱ्याला ‘रेसलमेनिया’त पट्ट्यासाठी लढायला मिळते. जानेवारी 2014 च्या ‘रॉयल रंबल’मध्ये शेवटी तो आणि बतिस्ता असे दोघेच उरले, तेव्हा सभागृह रेन्सच्या बाजूने होते.

ती पसंती नीट पाहायला हवी. प्रेक्षकांना त्या वर्षी डॅनियल ब्रायन हवा होता. लहान चणीचा, दाढीवाला, छोट्या सभागृहांतून वर आलेला हा मल्ल त्या सामन्यात उतरवलाच नव्हता. तिसावा, म्हणजे शेवटचा स्पर्धक म्हणून रे मिस्टेरिओ बाहेर आला, तेव्हा वर्षानुवर्षे लाडका असलेल्या त्या मल्लाचीही लोकांनी हुर्यो उडवली. त्याचा दोष इतकाच, की तो ब्रायन नव्हता. बरीच वर्षे बाहेर राहून परतलेला बतिस्ता जिंकला आणि त्याच्या वाट्याला तेच आले. अखेर कंपनीने बेत बदलला. बतिस्ताला खलनायकीकडे ढकलले, आणि एप्रिलमध्ये ‘रेसलमेनिया 30’ला ब्रायन एकाच रात्री दोन लढती जिंकून विजेता झाला.

वर्षभराने, 25 जानेवारी 2015 रोजी फिलाडेल्फियात रेन्सवर तीच पाळी आली. दुखापतीतून परतलेला ब्रायन लवकर बाद झाला आणि सभागृह बिथरले. शेवटी रेन्ससमोर उरला रुसेव, रशियाचा झेंडा मिरवणारा खलनायक. अमेरिकी प्रेक्षक त्याला पाठिंबा देऊ लागले. रेन्सच्या मदतीला त्याचा नातलग आणि आधीच्या पिढीचा लाडका ‘द रॉक’ धावून आला. जिंकलेल्या रेन्सचा हात त्याने उंचावला तरी हुर्यो थांबेना, आणि रॉकच्या चेहऱ्यावरचा गोंधळ कॅमेऱ्याने टिपला.

एका वर्षात रेन्स बिघडला नव्हता. त्याची जागा बदलली होती. 2014 मध्ये तो कंपनीने पुढे केलेल्या बतिस्ताच्या आड येणारा होता, 2015 मध्ये पुढे केलेला तोच होता. प्रेक्षकांचा आक्षेप माणसावर कमी आणि निवडीच्या रीतीवर जास्त होता. ब्रायनला आपण वर नेले असे त्यांना वाटत होते. रेन्स वरून खाली आणून ठेवलेला होता.

त्यात भर पडली ती लिहून दिलेल्या भाषणांची. मितभाषी असणे हेच ज्याचे बळ, त्याला हातात माइक देऊन विनोद करायला लावले गेले. एकदा तर कार्टूनमधल्या सिल्व्हेस्टर मांजराचा तकिया कलामही त्याच्या तोंडी घातला गेला. सहा फुटांवर उंचीचा, लढवय्या घराण्यातला हा माणूस परिस्थितीने गांजलेला सामान्य नायक म्हणून दाखवला जात होता. पाहणाऱ्याला मात्र दिसत होते की याचे कंपनीत सगळे सुरळीत चालले आहे.

पहिला उपाय : हट्ट

नाकारलेल्या ताऱ्यावरचा पहिला उपाय म्हणजे काहीच न बदलणे. आज ओरडणारे उद्या थकतील आणि वारंवार विजय पाहून लोकांना सवय होईल, असा त्यामागचा हिशेब. कंपनीचे तेव्हाचे सर्वेसर्वा विन्स मॅकमहन यांनी रेन्सच्या बाबतीत हा हिशेब तीन वर्षांहून अधिक काळ चालवला. 2015 ते 2018 अशी सलग चार वर्षे ‘रेसलमेनिया’ची शेवटची लढत रेन्सची होती. 2016 मध्ये टेक्ससमधल्या प्रचंड स्टेडियमवर त्याने मालकाचा जावई असलेल्या ट्रिपल एचला हरवून पट्टा जिंकला आणि हुर्यो घेतली. 2017 मध्ये त्याने जुन्या, लाडक्या अंडरटेकरला हरवले. दुसऱ्या रात्री ‘रॉ’ हा साप्ताहिक कार्यक्रम सुरू झाला तेव्हा रेन्स रिंगमध्ये येऊन उभा राहिला आणि जवळपास दहा मिनिटे लोकांनी त्याला बोलूच दिले नाही. तो शांतपणे थांबला, ‘हे अंगण आता माझे’ अशा अर्थाचे एकच वाक्य बोलला आणि निघून गेला.

या हट्टाला व्यापारी आधार नव्हता असे नाही. रेन्सचे टी-शर्ट खपत होते, लहान मुलांना तो आवडत होता आणि हुर्यो उडवणारेही तिकीट काढूनच आत येत होते. पण हट्टात एक दोष असतो. नायकाच्या प्रत्येक विजयाबरोबर लेखकांचा हात अधिक स्पष्ट दिसू लागतो आणि जे नाराज होते त्यांची खात्री पटते. शिवाय हरणाऱ्या प्रत्येक मल्लाची पत त्यात खर्ची पडते. ज्याच्यासाठी ती खर्च होते, त्याच्या खात्यावर मात्र ती जमा होत नाही.

दुसरा उपाय : सहानुभूती

नायकावर अन्याय होताना दाखवला तर लोक त्याच्याकडे वळतात, ही जुनी युक्ती. ती चालते, पण थोडा वेळ. नोव्हेंबर 2015 मध्ये अटलांटात रेन्सने पट्टा जिंकला आणि 5 मिनिटे 15 सेकंदांत शेमसने तो हिरावून घेतला. डिसेंबरमध्ये चिडलेल्या रेन्सने ट्रिपल एचला खुर्चीने बडवले, आणि दुसऱ्या रात्री मॅकमहनना ठोसा लगावून पट्टा परत मिळवला. त्या रात्री लोकांनी त्याला डोक्यावर घेतले. गाव फिलाडेल्फिया, अकरा महिन्यांपूर्वी त्याची सर्वांत जोरदार हुर्यो उडवणारे तेच.

ज्यांचा राग कंपनीच्या मालकावर होता त्यांच्यासमोर रेन्सने मालकालाच ठोसा मारला होता. निदान त्या रात्रीपुरता तो कंपनीचा लाडका उरला नाही. जानेवारीत नेहमीची मांडणी परतली आणि तिच्याबरोबर हुर्योही.

सहानुभूतीचा खरा प्रसंग कथेबाहेरून आला. 22 ऑक्टोबर 2018 रोजी रेन्सने आपले खरे नाव सांगून रक्ताच्या कर्करोगाने पुन्हा डोके वर काढल्याचे जाहीर केले आणि पट्टा खाली ठेवला. चार महिन्यांनी, आजार आटोक्यात आल्यावर तो परतला, तेव्हा त्याचे मनापासून स्वागत झाले. माणसाविषयीचा कडवटपणा या प्रसंगाने बराचसा संपवला. भूमिकेचा प्रश्न मात्र तसाच राहिला. आजारातून उठलेल्या माणसाला लोक टाळ्या देतात, पण त्या टाळ्यांवर वर्षभराची कथा उभी राहत नाही.

तिसरा उपाय : दोन्ही आवाज ठेवणे

जॉन सीनाच्या बाबतीत कंपनीने वेगळी वाट धरली. 2005 नंतर तो सर्वांत मोठा नायक झाला आणि प्रौढ पुरुष प्रेक्षक त्याला कंटाळले. 11 जून 2006 रोजी न्यूयॉर्कच्या हॅमरस्टीन बॉलरूममध्ये सीना जिंकला तर दंगल करू, असा फलकच प्रेक्षकांत झळकत होता. सीनाने अंगातला शर्ट काढून लोकांत फेकला की लोक तो परत रिंगमध्ये भिरकावत; पुन्हा फेकला की पुन्हा परत.

तरीही सीनाला तेव्हा खलनायक केले नाही. मुले आणि बायका एका बाजूने त्याच्या नावाचा जयघोष करत, पुरुष दुसऱ्या बाजूने त्याला तालात नावे ठेवत, आणि ही जुगलबंदीच सामन्याचे आकर्षण झाली. मुलांसाठी घेतले जाणारे टी-शर्ट आणि टोप्या हे कंपनीचे मोठे उत्पन्न होते. दुर्धर आजाराच्या मुलांच्या इच्छा पुऱ्या करणाऱ्या ‘मेक अ विश’ संस्थेसाठी सीनाने 650 हून अधिक मुलांची भेट घेतली, तो विक्रम ठरला. अशा माणसाला दुष्ट करणे कंपनीला परवडणारे नव्हते. तो खलनायक झाला थेट मार्च 2025 मध्ये, निवृत्तीच्या वर्षात, आणि तेही काही महिन्यांपुरते.

ही वाट प्रत्येकाला जमत नाही. सीना हुर्योची दखल घ्यायचा, तिच्यावर हसायचा, तिच्याशी खेळायचा. हुर्यो ऐकूच येत नाही असे दाखवणाऱ्या नायकाचा मात्र पोकळपणा उघडा पडतो. आणि एका बाजूला त्याच्यावर जीव टाकणारा मोठा वर्ग असावाच लागतो. तो नसेल तर जुगलबंदी होत नाही, नुसता गोंगाट होतो.

चौथा उपाय : माघार

कधी कंपनी हार मानते. 1993 मध्ये हल्क होगन निघून गेल्यावर लेक्स लुगर याला नवा राष्ट्रीय नायक करायचे ठरले. काही महिन्यांपूर्वी आरशासमोर स्वतःला न्याहाळणारा गर्विष्ठ म्हणून आणलेल्या लुगरने 4 जुलैला, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, न्यूयॉर्कमध्ये ‘इंट्रेपिड’ या युद्धनौकेवर अवाढव्य योकोझुनाला उचलून आपटले. मग रंगवलेल्या बसमधून त्याचा देशभर दौरा काढला. ऑगस्टमध्ये त्याची लढत झाली, पण योकोझुना रिंगबाहेर राहून मोजणीत बाद झाला. तशा विजयावर पट्टा मिळत नाही. तरीही वरून फुगे सोडून विजयोत्सव झाला. लोकांना हे पटले नाही.

जानेवारी 1994 च्या ‘रॉयल रंबल’मध्ये लुगर आणि ब्रेट हार्ट एकाच वेळी जमिनीवर पडले आणि दोघे संयुक्त विजेते ठरले. दोघांची नावे आळीपाळीने पुकारली जात असताना हार्टसाठीचा आवाज मोठा होता. मार्चमध्ये पट्टा हार्टला गेला. माघार घेण्याची ही रीत शहाणपणाची : दोघांना शेजारी उभे करायचे आणि लोकांना बोलू द्यायचे. तिची किंमत बाजूला पडलेला मल्ल मोजतो. लुगर त्या उंचीवर तिथे पुन्हा पोहोचला नाही.

पाचवा उपाय : बाजू बदलणे

सर्वांत फळलेला उपाय म्हणजे नाकारलेल्या नायकाला खलनायक करणे. नोव्हेंबर 1996 मध्ये मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये रॉकी मायविया नावाचा हसतमुख तरुण आला. वडील मल्ल, आजोबा मल्ल. फेब्रुवारी 1997 मध्ये त्याला इंटरकॉन्टिनेंटल पट्टाही मिळाला. काही आठवड्यांत लोक ‘मर, रॉकी, मर’ असा घोष करू लागले. उन्हाळ्यात गुडघ्याच्या दुखापतीतून परतल्यावर तो ‘नेशन ऑफ डॉमिनेशन’ या खलनायकांच्या टोळीत गेला, स्वतःविषयी तृतीयपुरुषी बोलू लागला आणि हुर्यो उडवणाऱ्यांना तोंडावर सुनावू लागला. तोच पुढे ‘द रॉक’ झाला, आणि दीड वर्षाच्या आत लोक त्याची वाक्ये त्याच्याआधी म्हणू लागले.

होगनचेही तेच. 1994 मध्ये प्रतिस्पर्धी ‘डब्ल्यूसीडब्ल्यू’त गेल्यावर त्याचा जुना सदाचारी नायक लोकांना शिळा वाटू लागला. 7 जुलै 1996 रोजी फ्लोरिडातल्या डेटोना बीचला तो मित्र रँडी सॅव्हेजला वाचवायला आला आणि सॅव्हेजवरच कोसळला. रिंगमध्ये कागदी पेले आणि कचऱ्याचा पाऊस पडला. ‘डब्ल्यूसीडब्ल्यू’चा सर्वांत भरभराटीचा काळ तिथून सुरू झाला.

ब्रेट हार्टने मार्च 1997 मध्ये स्टीव्ह ऑस्टिनबरोबर एकाच लढतीत जागा अदलाबदल केली. रक्तबंबाळ ऑस्टिन शरण न येता बेशुद्ध झाला, तरी हार्ट त्याला मारत राहिला. आत येताना नायक असलेला माणूस जाताना खलनायक झाला. गंमत म्हणजे अमेरिकेत हुर्यो झेलणारा हार्ट मायदेशी कॅनडात नायकच राहिला.

या तिघांत एक समान सूत्र आहे. प्रेक्षक जे आधीच म्हणत होते, तेच कथेने मान्य केले. रॉकीला लोक लादलेला म्हणत होते. तो स्वतःला लोकांहून थोर म्हणू लागला. होगनला ढोंगी म्हणत होते. तो ढोंगी निघाला. हार्टला रडका म्हणत होते. तो तक्रारीच मांडत राहिला. आरोप खरा ठरला की ओरडणारा कथेबाहेर राहत नाही, तिच्यातले पात्र होतो.

रिकाम्या सभागृहातला बदल

रेन्सच्या बाबतीत हे 2020 पर्यंत लांबले, आणि झाले तेव्हा समोर प्रेक्षकच नव्हते. मार्च 2020 मध्ये करोनाची साथ सुरू झाली. आजारामुळे रेन्सची प्रतिकारशक्ती कमी होती, म्हणून तो घरी बसला. 23 ऑगस्टला तो परतला तेव्हा कार्यक्रम ऑरलँडोच्या ‘थंडरडोम’मध्ये होत होते, खुर्च्यांच्या जागी पडदे, पडद्यांवर घरून पाहणाऱ्यांचे चेहरे आणि ध्वनिमुद्रित आरडाओरड. आठवड्याभरात बोलघेवडा मध्यस्थ पॉल हेमन त्याच्या बाजूला उभा राहिला आणि 30 ऑगस्टला रेन्सने पट्टा घेतला.

या वेळी बदल मुळापासून झाले. अंगातले काळे जाकीट गेले. चाल संथ झाली, बोलणे हळू आणि दबलेले झाले, विनोद संपले. तो स्वतःला घराण्याचा प्रमुख म्हणवू लागला. पहिला मोठा संघर्ष परक्याशी नव्हता. चुलत नात्यातल्या जे उसोला मारून त्याने शरण आणले आणि मग पदरी ठेवले. वरून मिळालेली जागा हा पूर्वी त्याच्यावरचा आक्षेप होता. आता तेच पात्राचे बळ झाले. ही जागा वारशाने माझी आहे, ती मान्य करा, असे तो उघड म्हणत होता.

रिकाम्या सभागृहाचा फायदाही झाला. प्रेक्षक असते तर बदलाच्या पहिल्याच रात्री त्यांनी जल्लोष केला असता आणि खलनायक जन्मतःच लाडका झाला असता. इथे वर्षभर पात्र निवांत मुरले. जुलै 2021 मध्ये ह्यूस्टनपासून लोक नियमितपणे परतले, तेव्हा समोर तयार खलनायक होता. त्याच्याजवळचा पट्टा 1,316 दिवस टिकला.

वेळेवर घेतलेली माघार

तो पट्टा घालवण्याच्या प्रसंगी हाच पेच पुन्हा उभा राहिला, आणि या वेळी नाकारलेला तारा होता द रॉक. जानेवारी 2024 मध्ये कोडी रोड्स सलग दुसऱ्यांदा ‘रॉयल रंबल’ जिंकला होता. रेन्सशी त्याची लढत ठरल्यासारखी होती. 2 फेब्रुवारीला कोडीने जागा सोडली आणि रॉक रेन्ससमोर येऊन उभा राहिला. चित्रपटांतला जगप्रसिद्ध नट रांग मोडून पुढे आला, असा त्याचा अर्थ लोकांनी काढला आणि कोडीच्या नावाची मोहीमच सुरू झाली. 8 फेब्रुवारीला लास व्हेगासच्या कार्यक्रमात लढत कोडीची ठरली आणि रॉकने त्याच्या थोबाडीत मारली. रॉक खलनायक झाला, रेन्सच्या बाजूला गेला, आणि 7 एप्रिलला कोडीने पट्टा जिंकला. ठिकाण पुन्हा फिलाडेल्फिया. रेन्सच्या बाबतीत पाच वर्षांहून जास्त लागलेला निर्णय इथे सहा दिवसांत झाला होता.

उपायांचा क्रम

या सर्व प्रकरणांतून एक क्रम निघतो. आधी राग कशावर आहे ते पाहायचे : मल्लाच्या कामावर, त्याला दिलेल्या भूमिकेवर, की त्याच्यासाठी डावललेल्या दुसऱ्या कोणावर. काम कच्चे असेल तर त्याला खाली नेऊन पिकू द्यावे लागते. पट्ट्याने कच्चेपणा झाकला जात नाही. डावललेला दुसरा असेल तर त्या दुसऱ्याला त्याचे देणे आधी चुकवावे लागते, जसे 2014 आणि 2024 मध्ये चुकवले. भूमिका चुकीची असेल तर ती बदलावी लागते, आणि प्रेक्षकांचाच आरोप नव्या भूमिकेचा पाया करावा लागतो. निम्मे सभागृह मनापासून बाजूने असेल आणि मल्लाला हुर्योशी खेळता येत असेल, तर काहीच न बदलता चालते. पण सीना एखादाच.

उरतो तो हट्ट. तो सर्वांत सोपा म्हणून सर्वांत आधी वापरला जातो, आणि त्याने रेन्सचा पाच वर्षांहून जास्त काळ खाल्ला. 2015 मध्ये फिलाडेल्फियाने नाकारलेला आणि 2020 नंतर कंपनीचा कणा झालेला मल्ल एकच होता. त्याची ताकद, घराणे, चेहरा, सगळे तेच. लोकांचा निकाल आधी ऐकून मग कथा लिहिली गेली, एवढाच फरक होता.